जुन्या रेल्वेमार्गावर चालणं आणि धावणं: उत्तर व्हर्जिनियाच्या डब्ल्यू अँड ओडी ट्रेलसाठी सविस्तर मार्गदर्शन

ॲशबर्न, स्टर्लिंग, हर्नडन, रेस्टन, व्हिएन्ना या गावांत राहणाऱ्या मराठी घरांना वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन, म्हणजेच डब्ल्यू अँड ओडी ट्रेल नवी नाही. अनेकांच्या घरामागून ती जाते. तरीही बहुतेक जण तिचा तोच एक मैलभर तुकडा वापरतात, किंवा एखाद्या रविवारी उत्साहात दहा-बारा मैल करतात आणि पुढचे दोन आठवडे पोटऱ्या चोळत बसतात. ही वाट मुळात रेल्वेसाठी आखलेली आहे. तिचा चढ, तिची सावली, तिचे धोके, सगळं त्या आखणीतून येतं. ते समजून घेतलं की कुठून सुरुवात करायची, किती जायचं आणि कशाला जपायचं, हे ठरवणं सोपं होतं.

रेल्वेने मागे काय ठेवलं

या मार्गाचं बांधकाम १८५५ मध्ये सुरू झालं. १८६० मध्ये रूळ लीसबर्गपर्यंत पोचले आणि १८७४ मध्ये पर्सलव्हिलपर्यंत. १९६८ मध्ये गाड्या कायमच्या थांबल्या. १९७४ मध्ये फॉल्स चर्चमध्ये ट्रेलचा पहिला छोटा तुकडा खुला झाला आणि १९८८ मध्ये डांबरी वाट पर्सलव्हिलपर्यंत पूर्ण झाली. आज आर्लिंग्टनच्या शर्लिंग्टनपासून पर्सलव्हिलपर्यंत ती जवळपास ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर आहे. देखभाल 'नोवा पार्क्स' ही प्रादेशिक उद्यान संस्था करते.

लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर पकड फार कमी असते, म्हणून रेल्वेला तीव्र चढ चालत नाही. आपल्या बोरघाटात चढ ३७ फुटांना १ फूट, म्हणजे साधारण २.७ टक्के आहे, आणि तेवढ्यासाठी कर्जतहून गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. डब्ल्यू अँड ओडीचा बहुतेक भाग त्याहून पुष्कळ सौम्य आहे. एवढा सौम्य मार्ग मिळवायला टेकडी आली की ती खोदून कटिंग केलं, खोलगट भाग आला की मातीचा भराव घातला, ओढा आला की पूल बांधला. वळणंही लांबलचक ठेवली.

पायी जाणाऱ्याला याचे तीन परिणाम जाणवतात. पहिला म्हणजे चढ दिसत नाही. एक टक्का चढ म्हणजे किलोमीटरला १० मीटर. डोळ्यांना तो सपाटच वाटतो, पण धावताना त्याला साधारण ४ ते ५ टक्के जास्त शक्ती लागते आणि हा चढ मैलोन् मैल संपत नाही. दुसरा, शरीराला आपोआप मिळणारी विश्रांती इथे मिळत नाही. डोंगरवाटेवर दर पाच मिनिटांनी पाऊल बदलतं. कधी मांडीवर ताण, कधी पोटरीवर. इथे तेच पाऊल, तोच कोन, तेच स्नायू हजारो वेळा. तिसरा, हवामान तुकड्या-तुकड्यांनी बदलतं. कटिंगमध्ये ओल, सावली आणि कुजलेली पानं असतात, भरावावर ऊन आणि वारा. त्यात या मार्गाच्या मोठ्या भागावरून उच्च दाबाच्या विजेच्या तारा गेल्या आहेत आणि तारांखाली मोठी झाडं वाढू देत नाहीत. म्हणून नकाशात हिरव्या दिसणाऱ्या पट्ट्यातही दुपारी डोक्यावर सावली नसते.

मैलाचे खांब आणि मार्गाचे तुकडे

ट्रेलवर दर अर्ध्या मैलाला खूण आहे. शर्लिंग्टनला शून्य आणि पश्चिमेकडे आकडा वाढत जातो. ढोबळ हिशेब असा: फॉल्स चर्च ५ ते ७, व्हिएन्ना १२ च्या आसपास, रेस्टन १८, हर्नडन २०, ॲशबर्न २७-२८, लीसबर्ग ३४ आणि शेवटी पर्सलव्हिल ४५ च्या जवळ. शेवटचा पाहिलेला आकडा लक्षात ठेवायची सवय लावा. काही झालं आणि ९११ ला फोन करावा लागला, तर 'डब्ल्यू अँड ओडी ट्रेल, साडेपंचवीस मैलाच्या जरा पुढे, पश्चिमेकडे' एवढं सांगितलं की मदत नेमकी पोचते. झाडीत उभं राहून रस्त्याचं नाव शोधत बसण्यात वेळ जातो.

कुठून निघायचं हे चढावर ठरवा. नवख्याने जाताना चढ आणि येताना उतार येईल अशी दिशा घ्यावी, म्हणजे थकल्यावर घर जवळ करणं सोपं जातं.

लीसबर्गहून पश्चिमेला निघालात तर क्लार्क्स गॅपपर्यंत जवळजवळ चार मैल सलग चढ आहे. रेल्वेच्या मानाने हा घाटच. परतीला पूर्ण उतार. दमसास वाढवायला संपूर्ण ट्रेलवर याहून चांगला तुकडा नाही, आणि तो लीसबर्गच्या पूर्वेकडच्या भागापेक्षा सावलीचाही आहे.

हर्नडनमध्ये याच्या उलट आहे. जुन्या स्टेशनाहून पश्चिमेला निघालं की वाट ब्रॉड रन ओढ्याकडे हळूहळू उतरते. पाय हलके वाटतात, वेग आपोआप वाढतो आणि 'आज फॉर्म चांगला आहे' असं वाटून माणूस ठरवल्यापेक्षा दोन मैल पुढे जातो. परतताना तोच उतार चढ होऊन अंगावर येतो. या बाजूने निघणाऱ्याने ठरवलेल्या खांबावरून मागे फिरायचंच, कितीही बरं वाटत असलं तरी.

व्हिएन्ना तर दोन्हीकडून उंचावर आहे. पूर्वेला फॉल्स चर्चकडे उतार, पश्चिमेला डिफिकल्ट रन ओढ्यापर्यंत उतार आणि तिथून रेस्टनकडे पुन्हा चढ. व्हिएन्नातून कुठेही गेलं तरी परत येताना चढावं लागतं.

फॉल्स चर्च शहरात वाट दोन पट्ट्यांची केली आहे: सायकलींना एक, पायी चालणाऱ्यांना वेगळी. लहान मुलं, बाबागाडी किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर हा भाग सगळ्यांत निवांत.

चालणाऱ्यांसाठी: खांब ते खांब

अर्ध्या मैलाच्या खुणा हे या वाटेवरचं सगळ्यांत उपयोगी साधन आहे. घड्याळ किंवा फोनमधलं ॲप नसलं तरी चालेल.

१. पहिल्या दिवशी फक्त वेग मोजा. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत नेहमीच्या चालीने जा. १० मिनिटं लागली तर वेग ताशी ३ मैल आहे. ९ मिनिटं म्हणजे चांगली भरभर चाल. १३-१४ मिनिटं लागत असतील तर तेवढ्यावरच सुरू करा, वेगाची घाई नको.

२. पहिले दोन आठवडे, आठवड्यातून चार दिवस, दोन खांब पुढे आणि दोन खांब मागे. एकूण दोन मैल. पहिला अर्धा मैल मुद्दाम सावकाश.

३. तिसऱ्या आठवड्यापासून चारांतला एकच दिवस लांबवा. दर आठवड्याला एक खांब पुढे, म्हणजे जाऊन-येऊन एक मैल जास्त. बाकीचे तीन दिवस दोन-तीन मैलांवरच राहू द्या. सगळेच दिवस एकदम वाढवले की टाच आणि नडगी दुखायला लागते.

४. दर चौथ्या आठवड्याला लांबच्या दिवसाचं अंतर एक तृतीयांशाने कमी करा. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडं आणि स्नायूबंधांना जास्त वेळ लागतो. अशी उसंत मिळाली तरच ते टिकतात.

या गतीने तीन महिन्यांत आठ-दहा मैलांची चाल आटोक्यात येते. त्याहून लवकर करायचं कारण नाही.

धावणाऱ्यांसाठी

तीन मैल न दुखता भरभर चालता येत असतील तरच धावायला सुरुवात करा. तीन खांब पुढे, तीन मागे, म्हणजे सहा तुकडे, एकूण तीन मैल. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून.

पहिले दोन आठवडे प्रत्येक तुकड्यात खांबापासून २ मिनिटं धावा आणि पुढच्या खांबापर्यंत चाला. पुढचे दोन आठवडे ४ मिनिटं धावा, उरलेलं चाला. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक पूर्ण तुकडा धावून पुढचा पूर्ण चालत. सातव्या-आठव्यात दोन धावून एक चालत. नवव्या आठवड्यात सलग तीन मैल. हे जवळपास ५ किलोमीटर झाले.

धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. चार शब्दांनी दम तुटत असेल तर वेग जास्त आहे. बहुतेक जण श्वासामुळे अडत नाहीत, उत्साहात पहिला मैल जोरात काढतात म्हणून अडतात. पायाखाली अडथळा नसल्यामुळे या वाटेवर ती चूक फार सहज होते.

अंतर सहा मैलांच्या पुढे गेलं की पायांना बदल मुद्दाम द्यावा लागतो. दर दोन मैलांनी एक मिनिट चाला. मध्येच २० सेकंद पावलं छोटी आणि भरभर टाका. खडीची वाट असेल तिथे अर्धा मैल तिच्यावर जा. आणि ट्रेल तुमच्याकडून जे कधीच करून घेत नाही ते घरी करा: पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचलणं आणि खाली सोडणं, प्रत्येक पायावर १५ वेळा, दोन फेऱ्या, एका पायावर अर्धं बसणं १० वेळा, आठवड्यातून एकदा जिने किंवा खरी टेकडी. फक्त या सपाटीवर सराव करून डोंगराळ मार्गाच्या शर्यतीत उतरलं की पहिल्याच उतारावर मांड्या बोलायला लागतात.

चढाचा हिशेब असा ठेवा: एका टक्क्याला किलोमीटरमागे साधारण ७ ते १० सेकंद जास्त लागू द्यावेत. लीसबर्गहून वर जाताना घड्याळातला वेग पाहून धावलं तर तिसऱ्या मैलात माणूस गळतो. श्वास सारखा ठेवा, वेग पडला तर पडू द्या.

डांबर, खडी आणि पायांची दुखणी

मुख्य वाट डांबरी आहे. व्हिएन्नापासून पर्सलव्हिलपर्यंत सुमारे ३२ मैल तिच्या जोडीने खडीची वाट जाते. ती घोडेस्वारांसाठी केलेली आहे, पण पायी चालणाऱ्यांनाही मोकळी आहे. ती डांबरापेक्षा मऊ, जास्त वर-खाली आणि वळणांची आहे. रेल्वेच्या आखणीबाहेर गेल्यामुळे तिच्यावर छोटे खरे चढ सापडतात. एकाच पावलाच्या कंटाळ्यावर हा उत्तम इलाज. मात्र पावसानंतर दोन दिवस तिथे चिखल राहतो आणि पानगळीत दगड पानांखाली लपतात, तेव्हा घोटा मुरगळतो. समोरून घोडा आला तर जागच्या जागी थांबा, मोठ्याने 'हॅलो' म्हणा आणि तो जाऊ द्या. मागून गुपचूप धावत गेलात तर घोडा बिथरतो.

डांबरावर एक गोष्ट कुणी सांगत नाही. पाणी वाहून जावं म्हणून पृष्ठभागाला थोडा आडवा उतार असतो. काही ठिकाणी वाट मध्यभागी उंच आणि दोन्ही कडांना उतरती असते. तुम्ही नेहमी उजवीकडून जाता, त्यामुळे जाताना आणि येतानाही उजवंच पाऊल खाली पडतं. मैल वाढले की डाव्या-उजव्या पायाच्या ताणात फरक पडतो आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला किंवा कमरेत एकाच अंगाला दुखायला लागतं. जिथे सगळी रुंदी एकाच बाजूला कललेली असते तिथे परतताना हिशेब आपोआप बरोबर होतो, पण एकेरी लांब फेरीत नाही. पहाटे वाट रिकामी असेल आणि दोन्हीकडे दूरपर्यंत दिसत असेल तर मध्यातून धावा, किंवा काही अंतर खडीवर काढा.

दुखण्याची जागा बरंच काही सांगते. नडगीच्या आतल्या कडेला लांब पट्ट्यात दुखत असेल तर अंतर फार लवकर वाढवलं. आठवडाभर निम्म्यावर या. त्याच हाडावर बोटाने दाबून नेमका एक बिंदू दुखत असेल, किंवा चालतानाही दुखत असेल, तर धावणं बंद करून डॉक्टर गाठा. हाडाला चीर असू शकते. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखणं हे तळव्याच्या स्नायूबंधाचं लक्षण आहे. पोटरीचे ताण, बाटली पायाखाली घोळवणं आणि घरात अनवाणी न फिरणं यांनी बहुतेकांना हळूहळू उतार पडतो.

बूट साधे रस्त्यावर धावायचे चालतात. खोल दातांचे डोंगरी बूट डांबरावर लवकर झिजतात आणि पाय जड करतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, कारण लांब चालीत पाय फुगतो. मोजे सुती नकोत, घामाने भिजून फोड येतात. ३०० ते ५०० मैलांत तळवा दबतो, वरून बूट नवा दिसला तरी.

उजवीकडून चाला, आणि आवाज ऐका

भारतातून आलेल्या माणसाच्या अंगात डावी बाजू भिनलेली असते. इथे चालायचं उजवीकडून, पुढे जायचं डावीकडून. मागून सायकलवाला 'ऑन युअर लेफ्ट' म्हणून ओरडतो तेव्हा तो डावीकडून येतो आहे. पुष्कळ जण 'लेफ्ट' ऐकताच डावीकडे सरकतात, नेमके त्याच्या वाटेत. अशा वेळी काहीच करू नका. सरळ रेषेत चालत राहा किंवा किंचित उजवीकडे व्हा. वळून पाहताना खांदा आणि पाऊलही त्या बाजूला जातं, म्हणून मान वळवायचीही घाई नको.

दोघांपेक्षा जास्त जणांनी शेजारी-शेजारी चालू नये. चार मैत्रिणी गप्पा मारत रुंदीभर निघाल्या की मागच्या सायकलवाल्याला गवतात उतरावं लागतं. फोटोसाठी, बुटाची नाडी बांधायला, फोन घ्यायला डांबर सोडून कडेला व्हा. यू-टर्न घेण्याआधी थांबा, मागे पाहा, मग वळा. पायी चालणारा आणि सायकल यांची टक्कर होण्याचं हे नेहमीचं कारण. कानात इअरफोन असेल तर डावा कान मोकळा ठेवा. कुत्र्याचा पट्टा आखूड धरा. लांब पट्टा वाटेवर आडवा ताणला गेला की तो सायकलवाल्याला दिसत नाही.

रस्ता ओलांडणं

या ट्रेलवर साप, हरणं, अंधार यांची भीती लोकांना जास्त वाटते. खरा धोका रस्ता ओलांडण्यात आहे. मोठ्या रस्त्यांवर पूल किंवा बोगदे आहेत, पण वाटेत अनेक ठिकाणी ट्रेल रस्त्याच्या पातळीवरच आडवी जाते. जुन्या रेल्वे फाटकांची ही जागा. रेल्वेगाडीसाठी रस्ता थांबायचा, तुमच्यासाठी तो थांबेलच असं नाही.

व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार आखलेल्या पट्ट्यावर पायी माणूस असेल तर वाहनाने थांबायला हवं. पण तोच कायदा पायी माणसालाही येणाऱ्या वाहनांकडे दुर्लक्ष करून रस्त्यात उतरू देत नाही. म्हणून क्रम असा ठेवा:

१. ट्रेलवर थांबण्याची खूण असेल तिथे खरोखर थांबा, धावत असलात तरी. एका जागी पाय हलवत राहिलं की ड्रायव्हरला तुम्ही येताय की थांबताय ते कळत नाही.

२. जवळच्या मार्गिकेतली गाडी थांबेपर्यंत उतरू नका. ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाहा. काचेवर ऊन चमकत असेल तर त्याला तुम्ही दिसत नाही असं समजा.

३. चार मार्गिकांच्या रस्त्यावर जवळची गाडी थांबली म्हणून सरळ पलीकडे जाऊ नका. थांबलेली गाडी तुम्हाला शेजारच्या मार्गिकेतल्या ड्रायव्हरपासून झाकते. तिच्या बंपरपाशी पोचून पुन्हा थांबा, डोकावून पाहा, मग पुढे. ही एक गोष्ट मुलांकडून पाठ करून घ्यावी.

४. सिग्नल असेल तर बटण दाबा आणि माणसाचं चिन्ह येईपर्यंत थांबा. उजवीकडे वळणारी गाडी लाल दिव्यातही वळू शकते आणि तिचा ड्रायव्हर डावीकडे पाहत असतो. तुम्ही उजवीकडे असता.

५. गट असेल तर सगळे एकदम ओलांडा. पुढचा गेला म्हणून मागचा धावत सुटणं सगळ्यांत वाईट.

डिसेंबरात सूर्य पाच वाजण्याआधीच मावळतो. ऑफिसनंतर निघणाऱ्यांना अख्खी फेरी अंधारात करावी लागते आणि बहुतेक ट्रेलवर दिवे नाहीत. डोक्याला दिवा बांधा आणि समोरून कुणी आलं की प्रकाश खाली करा. चमकणारा पट्टा घोट्याला लावला तर हलत्या पावलांमुळे तो छातीवरच्या पट्टीपेक्षा लवकर दिसतो.

ऊन, पाऊस, बर्फ

उन्हाळ्यात तापमान पाहून ठरवू नका, हवामानाच्या ॲपमध्ये दवबिंदू (ड्यू पॉइंट, हवेतला दमटपणा सांगणारा आकडा) पाहा. ६० अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर नेहमीसारखं जा. ६५ ला घाम लवकर सुकत नाही. ७० च्या वर वेग कमी करा आणि ७५ च्या वर चालण्यावरच या. मुंबईच्या दमट हवेत वाढलो म्हणून इथे काही होणार नाही असं मानू नये; इथली वर्षं एअर कंडिशनिंगमध्ये गेलेली असतात. उष्णतेची सवय दहा-पंधरा दिवसांत हळूहळू लागते.

हर्नडन ते लीसबर्ग हा उघडा भाग सकाळी आठच्या आत संपवा. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी सोबत ठेवा. वाटेत नळ आहेत, पण सगळीकडे नाहीत आणि हिवाळ्यात ते बंद असू शकतात. दीड तासाच्या पुढे नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे (टीस्पून) साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, वर लिंबू, हे घरचं पेय विकतच्या बाटलीइतकंच काम करतं. खाण्यात खजूर सगळ्यांत सोयीचे. मोठ्या मेजूल खजुरातून १६-१८ ग्रॅम कर्बोदकं मिळतात, तासाला दोन-तीन पुरतात. शेंगदाण्याची चिक्की चालताना उत्तम, धावताना पोटात जड होते. सोबतचा माणूस बरळायला लागला किंवा अडखळायला लागला तर तो उष्माघात समजा: आधी ९११, आणि मदत येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर गार पाणी.

दुपारनंतर वादळं येतात. पहिला गडगडाट ऐकताच जवळच्या इमारतीकडे किंवा गाडीकडे जा, विजेच्या मनोऱ्याखाली किंवा एकट्या झाडाखाली उभं राहू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. आर्लिंग्टनमध्ये फोर माइल रन ओढ्याकाठचे पुलाखालचे भाग मुसळधार पावसात बुडू शकतात. तिथे वाहतं पाणी ओलांडू नका.

थंडीत पूल आधी गोठतात, कारण खालूनही गार हवा लागते. रस्ता कोरडा दिसला तरी पुलावर पाऊल छोटं करा आणि लाकडी फळ्या ओल्या असतील तर चालाच. कटिंगमधला बर्फ सावलीमुळे बाकीच्या वाटेपेक्षा दोन-चार दिवस जास्त टिकतो.

गोचीड, विषारी वेल, साप

हरणं आहेत तिथे काळ्या पायांची गोचीड आहे आणि तिच्यामुळे लाइम आजार होतो. डांबरावर धोका कमी, गवतात उतरलं की वाढतो. कपड्यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक आधी फवारून वाळवा, त्वचेवर डीट असलेलं कीटकरोधक लावा. घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची घडी, केसांची मुळं तपासा. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, तूप, काडेपेटी असले उपाय करू नका. ती २४ तासांच्या आत निघाली तर लाइमचा धोका फार कमी असतो. पुढच्या महिनाभरात लाल वर्तुळ किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं सांगा.

पॉयझन आयव्ही कुंपणांवर आणि झाडांवर चढलेली असते. एका देठाला तीन पानं, मधल्या पानाचा देठ लांब. अंगाला लागली तर लवकरात लवकर साबणाने घासून धुवा, बुटांच्या नाड्यांसकट. कॉपरहेड साप संध्याकाळी उबदार डांबरावर येऊन पडतो. त्याला मोठा वळसा घाला, काठीने हलवायला जाऊ नका.

भारतातून आलेले आईबाबा

सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना ही ट्रेल फार आवडते, आणि तेच इथे एकटे फिरतात. त्यांच्या खिशात घरचा पत्ता, तुमचा नंबर आणि औषधांची यादी असलेला कागद हवा. सगळ्यांत जवळच्या दोन खांबांचे आकडे त्यांना पाठ करून द्या. आधी दोन-तीन दिवस बरोबर जाऊन रस्ता ओलांडण्याची जागा दाखवा. वाहनं उजवीकडून चालतात हे सांगून पुरत नाही, त्यांच्याकडून चार वेळा ओलांडून घ्या. थंडीत माकडटोपी घालतात तेव्हा कान झाकले जातात आणि सायकलची घंटा ऐकू येत नाही. कान उघडे राहतील अशी पट्टी द्या. चपला, सँडल नकोत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील तर खिशात साखर किंवा ग्लुकोज असायलाच हवं, आणि उपाशीपोटी फेरी नको. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर 'घरी जाऊन बघू' नाही. तिथेच बसून ९११.

भारतात परतल्यावर त्यांना हेही सांगा: आपल्याकडचे रूळ चालू आहेत. रुळांवरून चालणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दूधसागरची वाट असो की एखाद्या गावाचा शॉर्टकट, इथली सवय तिकडे न्यायची नाही.

एकेरी लांब फेरी: रेस्टन ते ईस्ट फॉल्स चर्च

आठ-दहा मैल सहज होऊ लागले की ही फेरी करण्यासारखी आहे. अंतर सुमारे १२ मैल. मेट्रोची सिल्व्हर लाइन दोन्ही टोकांना असल्यामुळे परतीची काळजी नाही.

गाडी ईस्ट फॉल्स चर्चला ठेवा आणि ॲशबर्नकडे जाणाऱ्या मेट्रोने वीली-रेस्टन ईस्टला या. मेट्रो आधी आणि पायी नंतर, हा क्रम महत्त्वाचा. मग शेवटी गाडी तुमची वाट पाहते, तुम्ही ट्रेनची नाही. स्टेशनातून उत्तरेला सनसेट हिल्स रोड ओलांडला की ट्रेल लागते. पूर्वेला वळा, खांबांचे आकडे कमी होत जायला हवेत. वाढत असतील तर दिशा चुकली.

पहिले तीन मैल डिफिकल्ट रनकडे उतार आहे. इथे मुद्दाम सावकाश. मग व्हिएन्नापर्यंत चढ. व्हिएन्नात पाणी, स्वच्छतागृह, जुनं स्टेशन आणि रेल्वेचा जुना लाल डबा आहे. इथे थांबून खा. थकलात आणि मेट्रो पकडायची असेल तर सावध राहा: व्हिएन्ना नावाचं मेट्रो स्टेशन गावापासून आणि ट्रेलपासून साधारण दोन मैल दूर आहे. पाय बरे असतील तर पुढे जाणंच शहाणपणाचं, कारण व्हिएन्नानंतर बहुतांश उतारच आहे. बेल्टवे (वॉशिंग्टनभोवतीचा महामार्ग) पुलावरून ओलांडला की फॉल्स चर्चमधली पायी चालणाऱ्यांची वेगळी वाट लागते. शेवटच्या दोन मैलांत रस्ते ओलांडावे लागतात आणि थकलेला माणूस तिथे थांबायचा कंटाळा करतो, म्हणून शेवटचा खजूर त्याआधी खा आणि प्रत्येक पट्ट्यापाशी पूर्ण थांबा. चालत पाच तास धरा, विश्रांतीसह. सावकाश धावत अडीच.